व्हिसात ‘एंट्री’ किती, ते आधी मोजा

तुमचा बेत वाचला. ऑक्टोबरात आठ दिवस झिंबाब्वे: हरारेत उतरून व्हिक्टोरिया फॉल्स दोन्ही बाजूंनी, मध्ये एक दिवस चोबे राष्ट्रीय उद्यान, मग बुलावायो शहर आणि ग्रेट झिंबाब्वे ही जुनी दगडी नगरी. ‘सिंगल एंट्री (एकदाच प्रवेशाचा व्हिसा) पुरते असं व्हिसा कचेरीत सांगितलं,’ हे तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही. अशाच एका खिडकीवरच्या तोंडी शब्दाचा आम्हाला सगळ्यात मोठा भुर्दंड पडला होता.

धबधबा एक, देश दोन. १९०५ सालच्या पुलावरून झांबियात गेलात की झिंबाब्वेचा एक्झिट शिक्का बसतो आणि सिंगल एंट्री तिथेच संपते. चोबे बोट्स्वानात, म्हणजे पुन्हा तेच. तुमच्या बेतात झिंबाब्वेत तीनदा प्रवेश होतो, त्यामुळे डबल एंट्रीसुद्धा अपुरीच. काझा युनिव्हिसा, म्हणजे झांबिया-झिंबाब्वेचा सामाईक व्हिसा, या भानगडीतून सोडवतो, पण तो भारतीय पासपोर्टला मिळतो का हे सरकारी यादीतच बघा. नियम बदलतात, माझ्याही शब्दावर जाऊ नका. आणि बोट्स्वानाच्या व्हिसाची चौकशी वेगळी करा.

माझं मत विचाराल तर क्रमच बदला. विमानाने झांबियातल्या लिव्हिंग्स्टनला उतरा, झांबियाची बाजू आधी उरका, पूल एकदाच ओलांडा आणि हरारेहून परता. चोबेला काट मारा. हत्तीच बघायचे तर ह्वांगे राष्ट्रीय उद्यान आहे, बुलावायोच्या वाटेवरच आणि त्याच देशात. नुसतं पुलावर उभं राहायचं असेल तर पासपोर्ट दाखवून सीमाचौकीवर पुलाचा पास मिळतो, व्हिसाला धक्का लागत नाही.

ऑक्टोबरात झांबियाच्या बाजूला बराचसा कोरडा कातळच दिसतो, पाणी झिंबाब्वेच्या बाजूला असतं. झांबियाकडे जायचं खरं कारण एकच, डेव्हिल्स पूल, म्हणजे धबधब्याच्या अगदी कड्यावरचा डोह. तो डोह पाणी कमी असतानाच उघडतो आणि तिथे लिव्हिंग्स्टन बेटावरूनच जाता येतं. ते नको असेल तर झांबिया सरळ वगळा.

फॉल्सहून ग्रेट झिंबाब्वे ‘एका दिवसात’ हा विचार सोडा. बुलावायो साधारण ४४० किलोमीटर, तिथून ग्रेट झिंबाब्वेजवळचं मास्विंगो आणखी २८० च्या आसपास. मुक्काम मास्विंगोला करा, सकाळी उन्हाआधी टेकडीवरचे अवशेष आणि मग खालचा मोठा कोट. चुन्याशिवाय रचलेली ११ मीटर उंच भिंत कडेकडेने चालूनच कळते. संग्रहालयातले दगडी पक्षी चुकवू नका. उत्खननात भारतीय काचमणीही सापडलेत. ही नगरी शीबाच्या राणीची, अशी कथा सांगणारा गाइड भेटला तर हसून सोडून द्या, ती इथल्याच शोना लोकांच्या पूर्वजांची नगरी आहे.

बुलावायोजवळच्या माटोबो टेकड्यांत गुहांमधली जुनी चित्रं आहेत, त्यांतली पोमोंग्वेची गुहा वगळा. चित्रं जपण्याच्या नादात १९२० च्या दशकात तिथे तेल फासलं आणि चित्रंच काळवंडली. त्याऐवजी न्स्वातुगी गुहेतली जिराफांची चित्रं बघा.

अमेरिकन डॉलर सुटे न्या, १ आणि ५ च्या नोटा. फाटकी किंवा मळकी नोट दुकानदार परत करतात.