थ्रॅश मेटल: आधी वेगवान कोण होते?

प्रश्न: थ्रॅश मेटल या हेवी मेटलच्या अतिवेगवान शैलीतल्या मेटालिका आणि स्लेयर या दोन्ही बँडचे पहिले अल्बम १९८३ मधले आहेत. स्लेयर अधिक वेगवान असे सर्वत्र वाचायला मिळते. पण त्यांचा ‘शो नो मर्सी’ ऐकताना मला तसे जाणवत नाही. असे का व्हावे?

उत्तर: आपल्याला जे ऐकू आले ते बरोबर आहे. जुलैमध्ये ‘किल एम ऑल’ आणि डिसेंबरमध्ये ‘शो नो मर्सी’ प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही बँडवर ब्रिटिश हेवी मेटलचा दाट प्रभाव होता. स्लेयरच्या जोडगिटारींत तर आयर्न मेडन आणि जूडास प्रीस्ट सरळ ऐकू येतात. मेटालिकाचे ‘व्हिपलॅश’ हे गाणे वेगात स्लेयरच्या मागे पडत नाही. शिवाय मेटालिकाचा गिटारवादक जेम्स हेटफिल्ड तळहाताची कड तारांवर टेकवून बहुतेक आघात वरून खालीच करतो, त्यामुळे त्याचा ताल कोरडा आणि घट्ट उमटतो.

वेग कसा जाणवतो हे पाहायचे असेल, तर ‘द फोर हॉर्समेन’ आणि ‘मेकॅनिक्स’ लागोपाठ ऐका. मूळ गाणे एकच, मेटालिकाचा तेव्हाचा गिटारवादक डेव्ह मस्टेन याचे. एप्रिल १९८३ मध्ये त्याला मेटालिकातून काढल्यावर बँडने शब्द बदलले, मध्ये संथ भाग घातला आणि गाणे सात मिनिटांवर नेले. मस्टेनने १९८५ मध्ये आपल्या नव्या बँडच्या, मेगाडेथच्या, पहिल्या अल्बममध्ये तेच साडेचार मिनिटांच्या आत संपवले. ‘मेकॅनिक्स’ नक्कीच अधिक वेगवान आहे, तरी वजन मला ‘हॉर्समेन’मध्येच अधिक वाटते.

स्लेयरची ख्याती मुख्यतः १९८६ च्या ‘रेन इन ब्लड’ या अल्बममुळे झाली. आदल्या वर्षीच्या ‘हेल अवेट्स’मध्ये घुमारा भरपूर होता, आणि इतक्या गतीला एका आघाताचा घुमारा पुढच्या आघातावर चढतो. हिप-हॉपमधून आलेला निर्माता रिक रूबिन याने तो जवळपास काढून टाकला, त्यामुळे स्लेयरचा ड्रमवादक डेव्ह लोम्बार्डो याचा प्रत्येक ठोका सुटा झाला. दहा गाणी जेमतेम २९ मिनिटांत संपतात. ‘एंजल ऑफ डेथ’मध्ये शेवटाकडे बाकीची वाद्ये थांबतात आणि लोम्बार्डोचे दोन्ही पाय बास ड्रमवर क्षणभर एकटेच धावतात, ती जागा अवश्य ऐका.

या तुलनेत एक्झोडस या बँडलाही घ्यायला हवे. त्यांचा ‘बाँडेड बाय ब्लड’ १९८४ मध्येच ध्वनिमुद्रित झाला होता, मात्र बाजारात यायला १९८५ उजाडले. प्रकाशनवर्षावरून क्रम लावणाऱ्या याद्यांत त्याला न्याय मिळत नाही.