वाचक विचारतात: रेनडिअरचा ग्राफ कुठे चुकला आणि जंगल 'पूर्ण' कधी होतं?

प्रश्न: आमच्या पुस्तकात पॉप्युलेशन वाढीचे दोन ग्राफ दिलेत, एक 'जे' अक्षरासारखा आणि एक 'एस'सारखा. 'एस'वाला खऱ्या निसर्गातला म्हणे. म्हणजे संख्या कॅरिंग कपॅसिटीपर्यंत (एखादी जागा जास्तीत जास्त जेवढे जीव पोसू शकते तिथपर्यंत) जाते आणि तिथे गुपचूप थांबते असं समजायचं का?

उत्तर: गुपचूप थांबते हे फक्त पुस्तकात :) आधी 'जे' बघू. एखादा बॅक्टेरिया दर 20 मिनिटांनी दुप्पट होतोय असं धरा, तर 24 तासात 72 वेळा दुप्पट होईल. एका पेशीचं वजन ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग इतकं क्षुल्लक असतं, तरीही दिवसाअखेर ढीग होतो साधारण पावणेपाच हजार टनांचा आणि असंच चालू राहिलं तर दुसरा दिवस संपायच्या आत तो पृथ्वीपेक्षा जड होईल. अर्थात तसं होत नाही कारण खाणं संपतं, जागा संपते, स्वतःचीच घाण साठते. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने 1838 साली हाच ब्रेक समीकरणात घातला आणि 'जे'चा 'एस' झाला.

पण या समीकरणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते जी कोणी मोठ्याने सांगत नाही, ती म्हणजे ब्रेक दाबला की गाडी त्याच क्षणी हळू होते. खऱ्या प्राण्यांचं तसं नसतं, आज चारा कमी झाला तरी पोटातली पिल्लं जन्माला येतातच ना. अलास्काजवळ बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे, तिथे 1944 मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डने 29 रेनडिअर (बर्फाळ प्रदेशातली हरणं) सोडले, अडीअडचणीला माणसांना खायला म्हणून. लांडगे नाहीत, शिकारी नाहीत आणि जमिनीवर लायकेनचा, म्हणजे आपण ज्याला दगडफूल म्हणतो त्याच्या भाऊबंदांचा, जाड गालिचा. 1957 मध्ये मोजले तर 1,350 आणि 1963 मध्ये तब्बल 6,000! मग एक भयंकर हिवाळा आला आणि 1966 मध्ये मोजायला गेले तर उरले होते 42. त्यातला नर एकच आणि तोही धड नव्हता, म्हणजे कळप तिथेच संपल्यात जमा होता.

आता 'थंडीने मेले' असं म्हणून मोकळं होता येतं पण ते अर्धंच खरं आहे. लायकेन वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, ते खाऊन संपवणं म्हणजे व्याजावर जगायचं सोडून मुद्दलालाच हात घालणं. प्राणी आधीच खंगलेले होते, थंडीने फक्त शेवटचा धक्का दिला. पुस्तकात उपासमार 'घनतेवर अवलंबून' (गर्दी वाढली की वाढणारी) आणि हवामान 'घनतेवर अवलंबून नसलेलं' अशा दोन खान्यांत असतं, इथे दोन्ही हातात हात घालून आले. शिवाय मुद्दल खाल्लं की कॅरिंग कपॅसिटी स्वतःच खाली येते, त्यामुळे ती ग्राफवरची तुटक आडवी रेघ फार मनावर घेऊ नका, ती रेघ हलते.

प्रश्न: पॉप्युलेशन आणि कम्युनिटी यात नेमका फरक काय? परीक्षेत नेहमी गोंधळ होतो.

उत्तर: एका जागचे एकाच जातीचे सगळे जीव म्हणजे पॉप्युलेशन, त्याच जागेतल्या सगळ्या जातींची पॉप्युलेशन्स एकत्र धरली की कम्युनिटी. तळ्यातले सगळे एकाच जातीचे बेडूक ही पॉप्युलेशन, बेडूक मासे शेवाळ डास सगळं मिळून कम्युनिटी. बस एवढंच.

प्रश्न: सक्सेशनमध्ये (एका जागी एकामागून एक वेगळ्या जाती येत जातात त्यात) पहिली आलेली झाडं माती तयार करतात आणि मग दुसरी झाडं येऊन त्यांनाच हुसकून लावतात. मग पहिली झाडं स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड का मारून घेतात? आणि शेवटी क्लायमॅक्स, म्हणजे सक्सेशनचा शेवटचा टप्पा, आला की बदल कायमचा थांबतो का?

उत्तर: प्रश्न झकास आहे, कुऱ्हाडीचा जास्त. बघा, पायोनियर, म्हणजे सगळ्यात आधी येणारं, झाड कोणासाठी त्याग वगैरे करत नाही. भरपूर बिया करायच्या, हलक्या करायच्या, लांब उडवायच्या आणि कुठे नवी उघडी जमीन मिळाली की सगळ्यांच्या आधी तिथे पोचायचं, हा त्याचा धंदा. मागची जागा गेली तरी त्याचं फारसं बिघडत नाही, बिया कधीच पुढे गेलेल्या असतात.

अलास्कातल्याच ग्लेशियर बे मध्ये हे छान दिसतं, तिथे अडीचशेहून जास्त वर्षं बर्फ मागे हटतोय त्यामुळे खाडीच्या तोंडापासून बर्फाकडे जाताना आपण जणू काळात उलटं चालत जातो. बर्फाजवळ नुसते गोटे, थोडं अलीकडे ड्रायस नावाची जमिनीलगतची झुडपं, मग आल्डर नावाची झुडपं, मग स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं जंगल. आल्डरच्या मुळांवरच्या गाठींमधले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन पकडतात, त्याने जमीन सुधारते आणि स्प्रूसचं फावतं. पण तेच आल्डर दाट सावली करून स्प्रूसच्या रोपांना अडवतंही. कॉनेल आणि स्लॅटियर या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये हेच मांडलं की आधीचे नंतरच्यांना मदत करू शकतात, आडवे येऊ शकतात, किंवा काहीच फरक पाडत नाहीत.

ही झाली प्रायमरी, म्हणजे माती शून्यापासून. वणवा, पूर किंवा तोडीनंतर माती आणि बिया शिल्लक असतात तेव्हा सेकंडरी, ती बरीच भराभर होते.

क्लायमॅक्सचं म्हणाल तर ती कल्पना अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्सची, 1916 ची. त्याला जंगल एका मोठ्या जीवासारखं वाटायचं, जन्मतं वाढतं आणि प्रौढ होतं. ग्लीसन या दुसऱ्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1926 मध्ये सरळ सांगितलं की असं काही नाही, प्रत्येक जात आपापल्या सोयीने येते, शेजारी कोण हा बराचसा योगायोग. मला विचाराल तर पुस्तकांनी क्लेमेंट्सला अजून डोक्यावर बसवलंय, कारण टप्प्यांच्या शिड्या काढायला सोप्या जातात. परीक्षेत 'क्लायमॅक्स म्हणजे तुलनेने स्थिर अवस्था' लिहा, त्यातला 'तुलनेने' गाळू नका.

कारण 1988 ला अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात वणवे लागले तेव्हा उद्यानाचा साधारण एक तृतीयांश भाग आगीच्या तडाख्यात आला, लोक म्हणाले संपलं सगळं. तिथल्या लॉजपोल पाइनचे बरेचसे शंकू (बिया असलेले कोन) राळेने घट्ट बंद असतात, ती राळ वितळायला आगीचीच धग लागते. पुढच्याच वर्षी राखेतून त्याच पाइनची रोपं वर आली, काही ठिकाणी तर इतकी दाट की पाय ठेवायला जागा नाही.