रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट भरतीची सीबीटी-२ (संगणकावरची दुसरी लेखी परीक्षा) झाली. आता सीबीएटीची (संगणकावरच्या अभियोग्यता चाचणीची) तयारी कशी करू?

अभिनंदन! पण पुस्तकं आता बाजूला ठेवा, कारण हा टप्पा वेगळा आहे. सीबीएटीमध्ये पाच चाचण्या असतात: स्मरणशक्ती, सूचनांचं पालन, खोलीचा (डेप्थ) अंदाज, एकाग्रता आणि आकृत्या झटपट ओळखण्याचा वेग. प्रत्येकीत स्वतंत्रपणे किमान ४२ टी-स्कोअर (इतर उमेदवारांच्या तुलनेत काढलेले गुण) लागतो आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. चार चाचण्या उत्तम गेल्या आणि एक हुकली, तरी बाहेर. म्हणून आवडती चाचणी पुन्हा पुन्हा सोडवत बसू नका, सगळ्यात कच्ची आधी धरा.

बहुतेकांना खोलीच्या अंदाजाची, म्हणजे विटांची चाचणी जड जाते. चित्रातल्या रचलेल्या विटांपैकी एखाद्या विटेला किती विटा टेकल्या आहेत, ते मोजायचं असतं. घरी काड्यापेट्या रचून हात लावून मोजा. मागची, न दिसणारी बाजू डोळ्यांसमोर उभी राहायला लागते. नंतर सराव संगणकावरच करा, मोबाइलवर नको. आरडीएसओच्या (रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या) संकेतस्थळावरचे नमुने सगळ्यात भरवशाचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे अडकलात तर पुढे सरका. प्रश्न फक्त हिंदी-इंग्रजीत येतात, तेव्हा मराठी माध्यमातल्या मुलांनी हिंदी सूचना भरभर वाचायची सवय लावावी.

अंतिम यादीत सीबीटी-२च्या भाग ‘अ’ला ७० टक्के आणि सीबीएटीला ३० टक्के वजन असतं.

आणि डोळे आजच तपासून घ्या. या पदासाठीच्या ए-१ वैद्यकीय निकषात चष्म्याशिवाय ६/६ दृष्टी लागते, रंगदृष्टीही पाहतात, लेसिक (चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया) केलेलं चालत नाही. शिवाय सीबीएटीच्या दिवशी विहित नमुन्यातलं दृष्टी प्रमाणपत्र मूळ प्रतीत न्यावं लागतं.