कान दुखतो पण कानात काहीच नाही आणि जबडा कट् कट् वाजतो, नक्की कोणाला दाखवू?

तुमचं वाचून माझंच आठवलं. उजव्या कानाच्या पुढे दुखायचं, जांभई दिली की कट्, कानाच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं पडदा स्वच्छ आहे, मग डेंटिस्टकडे गेलो तर एका दाढेचं रूट कॅनल झालं, पैसे गेले आणि दुखणं तिथल्या तिथेच. दाढेची बिचारीची काहीच चूक नव्हती.

शेवटी ओरल सर्जनकडे गेलो, म्हणजे जबड्याचे सर्जन, तुम्हीही तिकडेच जा. मशीन वगैरे काही नाही, आधी म्हणाले एका बोटाने दाखवा कुठे दुखतं, मग दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं, गाल दाबला, कानशील दाबलं, आणि दर वेळी एकच प्रश्न, "रोज दुखतं ते हेच का?" गालात एका जागी दाबलं आणि मी खुर्चीतून उठलोच, हेच! कळ थेट कानात. मग पट्टीने मोजलं, तोंड ३२ मिमी उघडत होतं, साधारण ४० तरी हवं (घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून दातांमध्ये मावतात का बघा). निघालं काय, तर झोपेत दात खातो म्हणून स्नायू आखडलेत. बायको म्हणालीच, रात्री कुरतडल्यासारखा आवाज येतो, मला वाटलं उंदीर आहे.

त्या कट् आवाजाचं एवढं टेन्शन घेऊ नका. जबड्याच्या सांध्यात एक मऊ चकती असते, ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना परत जागेवर येते, तोच आवाज. दुखत नसेल, जबडा अडकत नसेल तर नुसत्या आवाजाला ट्रीटमेंट लागत नाही. आणि ओपीजी एक्स-रेमध्ये (पूर्ण जबड्याचा एकच मोठा एक्स-रे) हाड दिसतं, चकती नाही, ती एमआरआयमध्ये दिसते, पण तो सगळ्यांना लागतोच असं नाही.

हां, पण ब्रश करताना किंवा वारा लागला तरी काही सेकंद करंट बसल्यासारखं होत असेल तर ते नसेचं असू शकतं, न्यूरॉलॉजिस्ट गाठा. पन्नाशी उलटली असेल आणि चावताना जबडा भरून येतो, कानशील दुखतं, नजर अंधुक होते असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण डोळा जाऊ शकतो. जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर कमी होत असेल तर आधी हार्ट तपासा.

तुम्हाला सकाळी उठल्या उठल्या जास्त दुखतं की संध्याकाळी? ते लिहिलंच नाहीत. माझं सकाळी असायचं, सर्जननी पहिलं तेच विचारलं होतं.