दहा हजारांत घरच्या समुद्री टाकीचा दिवा कसा बदलावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात ६० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरची समुद्री टाकी, आत क्लाउनफिशची जोडी, मशरूम, झोआ आणि एक लेदर कोरल (तिन्ही मऊ प्रवाळं). वर गोड्या पाण्यातल्या झाडांसाठी मिळतो तो पांढरा एलईडी. प्रवाळ मलूल, काचेवर शेवाळ जोरात, आणि परदेशी ब्रँडचा दिवा परवडत नाही.

दहा हजारांत काम होतं, वर काही उरतंही. यूट्यूबवर जे दिवे दाखवतात ते बहुतेक ॲक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांसाठी असतात. त्यांना २०० ते ३५० पार लागतो. (पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश दर चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतो, त्याचं माप.) मशरूम ५० पारमध्येही मजेत राहतात, झोआ आणि लेदरला ८० ते १५० पुष्कळ झाले. शिवाय आपल्याकडे कठीण प्रवाळ ठेवायचा प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे, काही होत नाही’ म्हणाला तरी हात लावू नका. म्हणजे जी प्रवाळं तुम्ही पाळायचीच नाहीत, त्यांच्यासाठीच्या दिव्याचे पैसे का भरायचे?

विकत घेण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी करा. टाकीवर काचेचं झाकण असेल तर ते काढा. मिठाची पांढरी साय चढलेली काच बराच प्रकाश खाते. झाकणाऐवजी बारीक जाळी ताणा, नाहीतर मासे उडी मारून जमिनीवर सापडतील. जाळीमुळे बाष्पीभवन वाढतं, एप्रिल-मेमध्ये पाणी थोडं थंड राहतं. रोज आरओचं गोडं पाणी भरायला मात्र विसरू नका, खारं नव्हे. दुसरं, पाण्यात पिवळट झाक असेल तर फिल्टरमध्ये थोडा ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाणी नितळ करणारा कोळसा) ठेवा. ती झाक नेमका निळा प्रकाश शोषते. एकदम भरपूर कार्बन घालू नका, कारण पाणी अचानक नितळ झालं तर प्रवाळांना तो प्रकाशाचा धक्काच असतो.

आता दिव्याचा रंग, कारण तुमचा खरा घोटाळा तिथे आहे. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला साखर करून देतात आणि ती मुख्यतः ४२० ते ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश वापरतात. समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे समुद्राखालचं प्रवाळांचं पठार आहे, तिथला सर्वात उथळ भागच सुमारे वीस मीटर खोल. तिथल्या प्रवाळांच्या वाट्याला येतो तो निळाच उजेड. झाडांच्या दिव्यात तांबडा आणि हिरवा भरपूर असतो, तो तुमच्या काचेवरच्या शेवाळाला मानवतो.

बाजारात ‘टी-फाइव्ह’ (बारीक ट्यूबलाइट) मागितलंत तर हल्ली बहुतेक त्याच जाडीची एलईडी पट्टी हातात देतात. खरी टी-फाइव्ह हाय आउटपुट नळी, दोन फुटांना २४ वॅटची, अजूनही उत्तम आणि सगळीकडे सारखा प्रकाश देणारी आहे, पण ती ९ ते १२ महिन्यांनी बदलावी लागते. हा कायमचा खर्च झाला. म्हणून माझं मत एलईडीलाच.

तयार घ्यायचा तर निळा आणि पांढरा वेगवेगळे मंद करता येतील असा काळ्या डब्याचा चिनी दिवा बघा. नाव १६५ वॅटचं असलं तरी तो प्रत्यक्षात ११०-१२० वॅट खातो. तुमच्या टाकीला तोही जास्तच. निम्म्यावरच चालवावा लागेल. एलईडींवरची भिंगं ९० अंशांची असली तर टाकीच्या मध्ये झळ आणि कोपऱ्यांत अंधार होतो. मग दिवा वर टांगा किंवा भिंगं काढा.

हाताने बनवायची हौस असेल तर आणखी स्वस्त पडतं. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तीन वॅटचे सुटे एलईडी, ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा पत्रा) आणि स्थिर करंटचे ड्रायव्हर (एलईडींना वीज पुरवणारे डबे) मिळतात. तुमच्या टाकीला २४ एलईडी पुरे: १४ रॉयल ब्लू (४५० नॅनोमीटर, साधा निळा ४७० चा असतो, तो नको), ४ जांभळे ४२० चे, ६ थंड पांढरे. निळे-जांभळे १८ एका ओळीत (सिरीजमध्ये), ‘१० ते १८’ (म्हणजे इतके एलईडी चालतील असं) लिहिलेल्या ६०० मिलिअँपिअरच्या ड्रायव्हरवर. पांढरे सहा वेगळ्या, ‘६ ते १०’ वाल्यावर. सगळं मिळून ५० वॅटच्या आसपास. दिवसाला आठ तास धरले तर महिन्याला १२ युनिट. हीटसिंकवर संगणकाचा जुना १२ व्होल्टचा पंखा लावा, आणि खाली ॲक्रिलिकचा पत्रा, म्हणजे मिठाचे शिंतोडे सोल्डरवर बसणार नाहीत. १८ एलईडींच्या ओळीत साठेक व्होल्ट असतात, तेव्हा चालू असताना बोट लावायचं नाही. खारं पाणी आणि २३० व्होल्ट शेजारी असताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर दिव्याआधी तो बसवून घ्या. यात काटकसर नको.

मोबाइलवरच्या लक्स (उजेड मोजायच्या) ॲपवर विसंबू नका. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात आणि आपल्या डोळ्याला निळा कमी दिसतो, त्यामुळे भरपूर निळ्यातही आकडा केविलवाणा येतो. प्रवाळांकडेच बघा. झोआंच्या माना लांबल्या, मशरूम ताटासारखे पसरले की उजेड कमी. आक्रसले, फिकट पडले की जास्त. नवा दिवा आधीच्यापेक्षा उंच टांगून रोज पाच-सहा तासच लावा, मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू खाली आणा आणि वेळ आठ-नऊ तासांवर न्या. बहुतेक जण इथे घाई करतात आणि प्रवाळ पांढरी पडली की दिव्याला नावं ठेवतात.

टायमर बॅटरीवाला डिजिटल घ्या. काट्यांचा टायमर वीज गेली की थांबतो, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की पुढचा सगळा दिवस मागे सरकतो. चार तास अंधाराने प्रवाळांचं काही बिघडत नाही, ऑक्सिजन संपला तर मासे मात्र जातात. म्हणून उरलेल्या पैशांतून बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या.