रोलरचे पैसे आणि एक कोटीची नोटीस

प्रश्न : आमच्या केबल वाहिनीवर शनिवारी रात्री ११ वाजता क्रिकेटवर चेष्टेच्या गप्पांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होतो. लिहितो मीच, बोलतोही मीच. एका भागात इथल्याच एका क्लबच्या सचिवांची नक्कल केली. चालणं, ढेरी, फोनवर बोलायची लकब, सगळं आलं. त्यात "संघनिवड म्हणजे आमच्या भाचरांची पंगत" असं एक वाक्य होतं आणि "सचिवसाहेब एकदम स्वच्छ माणूस, रोलरचे पैसे त्यांनी खाल्लेच नाहीत" असं दुसरं. आता वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत माफी मागा, भाग काढा, एक कोटी भरपाई द्या, नाहीतर फौजदारी. त्याच भागात टीव्हीवरच्या सामन्याची ४० सेकंदांची क्लिप होती, म्हणून यूट्यूबने भाग उतरवून चॅनेलला कॉपीराइट स्ट्राइक दिला आहे. शेवटी 'केवळ मनोरंजनासाठी' अशी पाटी होती. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नक्कल, ढेरी आणि लकब यांची काळजी सोडा. तुम्हाला अडचणीत आणणारं वाक्य एकच आहे, रोलरचं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. उपरोधाने केलेला आरोपही अब्रुनुकसानी ठरू शकतो, असं याच कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे. कलमातलं पहिलंच उदाहरण बघा : 'झेड प्रामाणिक माणूस आहे, त्याने बी चं घड्याळ चोरलंच नाही', असं एकजण म्हणतो आणि ऐकणाऱ्याला चोरी झाली असं वाटावं हा त्याचा हेतू असतो. जुन्या दंडसंहितेतलं हे उदाहरण नव्या कायद्यातही जसंच्या तसं आलं आहे. तुमचं वाक्य त्याच साच्यातलं आहे, फक्त घड्याळाच्या जागी रोलर. 'केवळ मनोरंजनासाठी' ही पाटी इथे कामाची नाही, कारण पैसे खाल्ले की नाही ही खरी-खोटी ठरू शकणारी गोष्ट आहे.

'भाचरांची पंगत' हे प्रकरण वेगळं. सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित वागणुकीवर सद्भावनेने दिलेलं मत याच कलमाच्या तिसऱ्या अपवादात बसतं, आणि लोकांसमोर सादर केलेल्या कामगिरीवरचं मत सहाव्यात. मैदानात उतरलेल्या फलंदाजाला 'दगड' म्हणा, हरकत नाही. पण मताला बूड लागतं. संघात सचिवांचा एखादा नातेवाईक खरोखर होता का? असेल तर त्या हंगामाच्या संघयाद्या आजच मिळवा. एकही नसेल, तर या वाक्याचाही आग्रह धरू नका.

रोलरबद्दल हातात काय आहे? क्लब सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर त्याचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्त कार्यालयात दाखल व्हायला हवेत. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. रोलरची खरेदी, दुरुस्ती, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, जे मिळेल ते घ्या. 'मैदानावर सगळे म्हणतात' हा पुरावा होत नाही. दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की बचाव उभा राहतो. फौजदारीत एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी केलं हेही दाखवावं लागतं. कागद मिळाले नाहीत तर हे वाक्य मागे घ्यायचं, त्यात कमीपणा मानू नका.

आता यूट्यूब. स्ट्राइकमुळे भाग आधीच उतरलेला आहे, आणि आजच्या घडीला हे तुमच्या पथ्यावर पडलं आहे. रागाच्या भरात प्रतिसूचना, म्हणजे स्ट्राइक चुकीचा आहे असं यूट्यूबला कळवणारा अर्ज, पाठवू नका. ती गेल्यावर समोरच्या प्रसारकाने कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचं कळवलं नाही, तर भाग होता तसा परत चढू शकतो, म्हणजे रोलरच्या वाक्यासकट. नोटीस हातात असताना तेच वाक्य पुन्हा लोकांसमोर गेलं, तर 'अनवधानाने बोललो' म्हणायची सोय राहत नाही. कॉपीराइट स्कूल (यूट्यूबचा छोटा ऑनलाइन पाठ) पूर्ण केलं की स्ट्राइक ९० दिवसांनी संपतो; मात्र त्या काळात एकूण तीन झाले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. भाग नव्याने कापून चढवायचा तो नंतर. त्या भागाचे छोटे तुकडे तुम्ही रील किंवा शॉर्ट म्हणून टाकले असतील, तर रोलरचे तेवढे आज उतरवा. असे तुकडे विसरले जातात आणि पुढे दाव्याला तेच जोडले जातात.

उतरवणं वेगळं आणि पुसणं वेगळं. मूळ ध्वनिचित्रमुद्रण, संहिता, कापाकापीची फाइल यातलं काहीही डिलीट करायचं नाही. कोर्टात लागणारा इलेक्ट्रॉनिक पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय नोटिशीत फक्त शब्द उतरवलेले असतात. हावभाव, प्रेक्षकांचा हशा, आधीचा संवाद मूळ फाइलमध्येच सापडतो. केबलचालकांना त्यांच्या स्वतःच्या वाहिन्यांचं मुद्रण ९० दिवस ठेवावं लागतं. त्यांच्याकडची प्रत लेखी मागा, नंतर ती मिळेलच असं नाही. ही फाइल कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेला ओळखीचा आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावं लागतं आणि प्रमाणपत्राचा भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा असतो. हॅश आत्ताच काढून ठेवा.

४० सेकंदांच्या क्लिपबद्दल. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' असा नियम कायद्यात कुठेच नाही. प्रसारणाचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ मध्ये आहे आणि तो २५ वर्षं टिकतो. कलम ३९ प्रमाणे चालू घडामोडींसाठी किंवा प्रामाणिक समीक्षेसाठी काही अंश न्याय्य मर्यादेत वापरता येतात. विडंबनासाठी वेगळा अपवाद नाही, म्हणून तुमची चेष्टा त्या चेंडूवरचं भाष्य आहे हे दिसलं पाहिजे. ज्याच्यावर बोलताय तेवढाच चेंडू दाखवा, मूळ समालोचन बंद ठेवा, वर तुमचा आवाज असू द्या. शीर्षकगीतात किंवा जाहिरातीत क्लिप नकोच. धावफलक ही वस्तुस्थिती आहे, ती बिनधास्त वाचा. वृत्तपत्रातलं छायाचित्र मात्र कुणाच्या तरी मालकीचं असतं. सगळ्यात निर्धोक म्हणजे स्टुडिओतल्या टेबलावर कॅरमच्या सोंगट्या मांडून तो चेंडू पुन्हा खेळून दाखवणं. तसा तो जास्त हसवतोही.

मोठ्या खेळाडूंच्या नकला पुढेही कराल. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने क्रिकेटपटूंच्या नावा-चित्रांच्या एका खटल्यात उपहास, विडंबन, बातमी यांसाठीचा वापर अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतो असं म्हटलं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण दाखवता येतो. गळ्यातून काढलेला आवाज आणि एआयने बनवलेला आवाज यात मात्र फरक करा : जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलांवर अंतरिम मनाई दिली आहे. आणि खेळाडूच्या वेशातल्या नकलाकाराच्या तोंडून प्रायोजकाचा मसाला विकू नका. तिथे विडंबन संपून जाहिरात सुरू होते.

फौजदारीची धमकी कितपत खरी? हा गुन्हा अदखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत असा) आणि जामीनपात्र आहे. बाधित व्यक्तीने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही. पोलीस ठाण्यातून फोन आला तर जा, नम्रपणे बोला, पण हार्ड डिस्क हातात देऊन येऊ नका. लेखी मागणी असेल तर वकिलाला दाखवा. तक्रार झालीच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळते. ती तारीख चुकवू नका. पुढे तक्रार रद्द करून घ्यायची वेळ आली तर मुंबईची वारी नाही, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे, भरपाईच्या दाव्याला प्रसिद्धीपासून एकच वर्ष. एक कोटी नोटिशीत लिहायला काही लागत नाही. दाव्यात त्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, तेव्हा आकडा बराच उतरतो.

उत्तर १५ दिवसांच्या आत, वकिलामार्फत आणि थोडक्यात द्या. आपले सर्व हक्क राखून लिहितो, हे पहिल्याच परिच्छेदात यावं. नक्कल आणि निवडीवरची टीका हे मत आहे, त्यावर माफी नाही. रोलरचे कागद हाती आले नसतील तर त्या वाक्याबद्दल स्पष्टीकरण द्यायची तयारी दाखवा : पुढच्याच शनिवारी, त्याच वेळेला, तुमच्या तोंडून, मागे संगीत न लावता. 'अमुक भागात सचिवांच्या आर्थिक व्यवहाराबद्दल सूचित झालेला अर्थ आम्हाला अभिप्रेत नव्हता, ते वाक्य आम्ही मागे घेतो' इतकं पुरे. याने खटला आपोआप संपत नाही, पण भरपाई ठरताना याचं वजन पडतं आणि बहुतेक सचिव इथेच थांबतात. वाहिनीच्या मालकाला आजच लेखी कळवा, नोटीस उद्या त्यालाही येईल. त्याच्याशी झालेल्या करारात नुकसानीचा भार तुमच्यावर टाकणारं कलम आहे का, तेही बघा.

आणि नोटिशीवर विनोद करायचा मोह होईल. तो भाग लिहून फाइलमध्ये ठेवा. स्पष्टीकरणानंतर लगेच तोच माणूस पुन्हा चेष्टेत आला, तर समोरचा वकील आकस सिद्ध करायला तेवढंच दाखवील.