ह्यूमन सर्व्हिसेस: कॅटलॉग शेवटून वाचा

पुण्याचं बीकॉम, एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात, मुक्काम सॅन होजेत, वृद्धांसाठी काम करायचंय आणि त्यासाठी कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या पदवीचं सरकारी कॉलेज) ह्यूमन सर्व्हिसेस, म्हणजे गरजूंना मदत आणि सेवा मिळवून देण्याच्या कामाचं शिक्षण, करावं का, असा तुमचा प्रश्न आहे. करावं, पण कॉलेजचा कॅटलॉग, म्हणजे अभ्यासक्रमांची पुस्तिका, पहिल्या पानापासून वाचू नका. शेवटून, म्हणजे फील्डवर्कपासून (एखाद्या संस्थेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम) वाचा. बाकी सगळं संध्याकाळच्या किंवा ऑनलाइन वर्गांत बसवता येतं. फील्डवर्क मात्र संस्थेच्या वेळेत, बहुतेक वेळा कामाच्या दिवशी, दिवसाढवळ्या करावं लागतं.

या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी सीएसएचएसई ही संस्था असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, पदवीसाठी किमान २५० तास फील्डवर्क मागते. प्रत्येक कॉलेजकडे ही मान्यता नसते, पण अंदाजाला आकडा बरा आहे. दोन सेमिस्टरमध्ये वाटले तर आठवड्याला आठेक तास, शिवाय फील्डवर्कचा सेमिनार. घरी लहान मूल असेल तर ते आठ तास कुठून काढणार हे आधी ठरवा. आणि फील्डवर्कच्या मागे विषयांची साखळी असते: आधी ओळखीचा विषय, मग मुलाखत-कौशल्यं (मदतीला आलेल्या माणसाशी कसं बोलावं), मग केस मॅनेजमेंट (त्याला लागणाऱ्या सेवांची आखणी), मग फील्डवर्क. यातला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवत असतील आणि तो चुकला, तर दोन वर्षांची तीन होतात. म्हणून दोन वर्षांचं वेळापत्रक काउन्सेलरबरोबर बसून पहिल्याच महिन्यात कागदावर आखा.

पैशांचं सोपं आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टर युनिटला (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिटांची फी २,७६० डॉलर. पुस्तकं, पार्किंग वेगळं. रहिवासी नसाल तर युनिटचा दर कितीतरी पटींनी वाढतो. एच-४ वाल्यांना इथं रहिवासी ठरता येतं, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना येत नाही. त्यासाठी ठरलेल्या तारखेआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचे आणि इथंच राहायचा इरादा असल्याचे पुरावे लागतात. राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि रहिवासी म्हणून भरलेला स्टेट टॅक्स नेहमी उपयोगी पडतात. तुमच्या जवळचं डी अँझा कॉलेज क्वार्टर, म्हणजे तिमाही, पद्धतीवर चालतं, तिथले ९० युनिट म्हणजे सेमिस्टरचे ६०. दोन कॉलेजांची तुलना करताना हे विसरलं की हिशेब हमखास चुकतो.

आता पदवी कोणती. एएस किंवा एए ही साधी असोसिएट पदवी थेट नोकरीच्या अंगाने जाते: केस एड (केस मॅनेजरचा मदतनीस), इनटेक वर्कर (नव्याने आलेल्यांची माहिती घेणारा), वृद्धांच्या डे केअर सेंटरवरचा मदतनीस. पुढे बॅचलर पदवीसाठी कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठात जायचं असेल तर 'सोशल वर्क अँड ह्यूमन सर्व्हिसेस'ची ट्रान्सफर पदवी, म्हणजे एए-टी, घ्या आणि प्रत्येक विषय 'असिस्ट' या राज्याच्या साइटवर तपासा. सोशल वर्कर व्हायचा विचार असेल तर एक फरक पक्का लक्षात ठेवा. एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची मास्टर्स) एका वर्षात उरकण्याची सवलत फक्त सीएसडब्ल्यूई या संस्थेची मान्यता असलेल्या बीएसडब्ल्यूवाल्यांना (सोशल वर्कची बॅचलर) मिळते. ह्यूमन सर्व्हिसेसच्या बॅचलरला ती मिळत नाही, विषय कितीही सारखे असले तरी.

तुमच्या बाबतीत तर आधी बीकॉमचं मूल्यांकन, म्हणजे ती इथल्या कुठल्या पदवीइतकी धरली जाते ते, करून घ्या. एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेची बॅचलर पदवी चालते. तीन वर्षांची भारतीय पदवी काही विद्यापीठं पूर्ण धरतात, काही धरत नाहीत. धरली, तर पूर्ण असोसिएट करण्यात अर्थ नाही. ओळखीचा विषय, मुलाखत-कौशल्यं, केस मॅनेजमेंट आणि एक फील्डवर्क एवढंच करा. त्यातून इथला अनुभव आणि शिफारसपत्र देणारा माणूस, दोन्ही मिळतात.

फील्डवर्कच्या कागदपत्रांना किमान सहा आठवडे हाताशी ठेवा. बोटांचे ठसे लागतात, त्याला इथं लाइव्ह स्कॅन म्हणतात. टीबीची चाचणी लागते, आणि आपली मंडळी इथंच अडकतात. लहानपणी बीसीजी ही टीबीची लस घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, मग डॉक्टरचं पत्र, तोवर सेमिस्टर निम्मं सरलेलं. पहिल्यापासूनच रक्ताची चाचणी मागा, तिला आयजीआरए म्हणतात. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. ईएडीची मुदत फील्डवर्कच्या मधेच संपत नाही ना, तेही बघा. 'बिनपगारी आहे, मग चालतंय' असं गृहीत धरू नका. शंका असेल तर वकिलाला विचारा.

वर्गात खरा कस लागतो तो मुलाखतीत. प्रोसेस रेकॉर्डिंग नावाचा गृहपाठ असतो: झालेलं संभाषण शब्दशः लिहायचं, शेजारच्या रकान्यात आपल्या मनात काय आलं ते, त्यापुढे शिक्षकांचा शेरा. आजी म्हणतात, "मुलगा दोन महिने आला नाही." आपण आपसूक म्हणतो, "कामात असेल हो, येईल." झालं, दार बंद. आजींना जे बोलायचं होतं ते तिथंच राहिलं. "दोन महिने..." एवढंच म्हणून थांबलात, तर पुढचं वाक्य त्याच बोलतात. धीर देणं हा आपला संस्कार आहे, इथं तो आवरावा लागतो. पहिलं सेमिस्टर बहुतेकांचं यातच जातं.

दुसरी अडचण नोंदींची. 'आजी उदास होत्या, सून लक्ष देत नाही' ही नोंद नव्हे, तो आपला निकाल झाला. नोंद अशी: 'जेवण एकटीच करते, असं म्हणाल्या. बोलताना दोनदा डोळे पुसले. औषधाची डबी दाखवली. सोमवार ते बुधवारचे कप्पे भरलेले होते.' तीन महिन्यांनी दुसऱ्या कुणी फाइल उघडली तरी त्याला त्यावरून काम करता आलं पाहिजे.

वृद्धांसोबत काम म्हणजे त्यांच्याशी होणाऱ्या गैरवर्तनाची तक्रार करणं कायद्याने बंधनकारक, हेही आलंच. कॅलिफोर्नियात संशय आला की फोन किंवा ऑनलाइन लगेच, आणि फोन केला असेल तर लेखी किंवा ऑनलाइन अहवाल साधारणपणे दोन कामाच्या दिवसांत. सुपरवायझरला कळवा जरूर, पण त्यांच्या परवानगीची वाट बघू नका. जबाबदारी व्यक्तीची असते, संस्थेची नव्हे.

मराठी येणं ही जमेची बाजू आहे, पण आपलं जग लहान आहे. ज्यांच्या घरी मंगळवारी भेट दिली ते शनिवारी मंडळाच्या गणपतीत समोर येतात. आपण आधी हाक मारायची नाही, ओळख दाखवायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. लाडवांचा डबा हातात आला तर संस्थेचा भेटवस्तूंचा नियम आधीच वाचलेला असावा. काही ठिकाणी तिथंच एखादा खाऊन डबा परत करणं चालतं, घरी नेणं नाही.

नाव नोंदवण्याआधी प्रोग्राम कोऑर्डिनेटरला ईमेल करून विचारा: मागच्या वर्षी विद्यार्थी कुठल्या संस्थांत गेले, त्यातल्या किती वृद्धांसोबत काम करणाऱ्या होत्या, जागा कॉलेज शोधून देतं की आपण शोधायची, आणि स्वतःची गाडी लागते का. संस्थांची नावं न देता 'भरपूर पर्याय आहेत' एवढंच उत्तर आलं, तर शेजारच्या कॉलेजला लिहा.